जुलाब, माठ आणि पुदिना

गुलाब, जुलाब आणि ज्युलेप हे तिघं सख्खे भाऊ आहेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो आणि मग कोश उघडून खात्री करून घेतली. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. अरबीत 'ग' नाही, म्हणून तिकडे त्याचं 'जुलाब' झालं. कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून हकीम ते गुलाबपाण्याच्या गोड पाकातून देत, आणि त्या पाकालाच जुलाब म्हणू लागले. हा पाक पश्चिमेला गेला, लॅटिन आणि फ्रेंच करत इंग्रजीत 'ज्युलेप' झाला, पुढे अमेरिकेत पोचला. तिथल्या केंटकीत दर मे महिन्यात घोड्यांची मोठी शर्यत असते आणि लोक व्हिस्की, साखर, बर्फ आणि पुदिना घातलेलं 'मिंट ज्युलेप' पितात. आपल्याकडे तोच शब्द आला तो हकिमांच्या औषधाच्या पेटीतून. त्या पाकातून पोट साफ करायची औषधं दिली जात, त्यामुळे मराठीत जुलाब उरला तो फक्त परिणामापुरता. एक भाऊ चांदीच्या पेल्यात, दुसरा टमरेलात.

हे सगळं शोधायला कारण झालं एक रील. 'आपलं पारंपरिक, हजारो वर्षं जुनं पुदिन्याचं सरबत' असं त्यावर लिहिलं होतं. मी धाराशिवचा. आमच्याकडे एप्रिल लागला की घरोघरी हेच सरबत होतं, आणि 'पारंपरिक' म्हटलं की आमच्या व्यवसायातली सवय जागी होते: बाबा रे, हे कुठल्या आवृत्तीपासून आहे, कोणी लिहिलं, आणि कशावर अवलंबून आहे?

तर एकेक घटक सोडवून बघू. 'सरबत' हा शब्द अरबीतल्या 'पिणे' या धातूचा. 'पुदिना' फारसी, आणि वनस्पतीही मूळची युरोप आणि पश्चिम आशियाकडची. जिरं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं. लिंबाची मुळं ईशान्य भारत आणि म्यानमारच्या बाजूला. साखर मात्र आपली. 'शर्करा' हाच शब्द फिरत फिरत इंग्रजीत 'शुगर' झाला. इराणमध्ये आजही 'सेकंजबीन' नावाचं पेय करतात. 'सिरका' म्हणजे शिर्का आणि 'अंगबीन' म्हणजे मध. मध किंवा साखर, शिर्का आणि पुदिना यांचा पाक करून तो थंड पाण्यात घालायचा. उत्तर भारतातली 'शिकंजी' हे त्याचंच नाव झिजून झालेलं. शिर्क्याच्या जागी लिंबू आलं. पेय तसंच राहिलं, आंबटपणा पुरवणारा तेवढा बदलला.

दख्खनमध्ये ही फारसी चव येण्याचा रस्ता आमच्या जिल्ह्यातूनच जातो. बहमनी आणि त्यांच्यानंतरचे आदिलशाह यांच्या दरबारांत इराणी सरदार, कवी, हकीम आणि स्थापत्यकार यांची ये-जा होती. नळदुर्गचा किल्ला आधी बहमन्यांकडे, मग आदिलशाहीकडे. तिथला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली झाला. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच खोल्या काढल्या आहेत. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळतं तेव्हा आत बसलेल्या माणसाच्या खिडकीसमोर पाण्याचा पडदा असतो. नर-मादी धबधब्याचे फोटो काढायला पावसाळ्यात झुंबड उडते, पण उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारीही त्या जाड भिंतींत शिरलं की कपाळावरचा घाम आटतो. या खोल्यांत बसून कोणी पुदिन्याचं सरबत प्यायलं याचा कागद माझ्याकडे नाही. गारव्यावर एवढा दगड, चुना आणि डोकं खर्च करणारी माणसं इथे राहत होती, एवढं भिंती सांगतात.

पण थंड आंबटगोड पेय काही त्यांनी आणलं नाही. तेर गाव त्यांच्याहून कितीतरी जुनं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची पेठ सांगितली आहे. ते तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं, आणि भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या दारूचा नंबर वरचा. तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं, मागची बाजू अर्धगोल, हत्तीच्या पाठीसारखी. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात.

बौद्ध भिक्खू दुपारनंतर जेवत नसत. पण विनयपिटकात त्यांच्यासाठी आठ पेयांची मुभा आहे: आंबा, जांभूळ, केळ्याचे दोन प्रकार, मध, द्राक्ष, कमळाचा कंद आणि फालसा. गाळून घेतलेला रस चालेल, चोथा चालणार नाही. उन्हातान्हात चालून आलेल्या, पोट रिकामं असलेल्या माणसाला गोड-आंबट पाण्याची गरज असते, हे त्या नियमावलीला पुरतं कळलेलं होतं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत अशा पेयाला 'पानक' म्हणतात. आपलं पन्हं त्यातूनच आलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि कैरीचं पन्हं देतो, तेव्हा हातात असतो तो या सगळ्या वंशावळीतला सर्वांत जुना शब्द.

उमरग्याहून गाडीने तासाभरात बसवकल्याणला पोचता येतं. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती, मासेमारी, संगीत, जेवण असे शंभर विषय. मराठी वाचकांना तो माहीत असतो तो बायकांनी कांडताना म्हणायच्या 'ओवी'च्या उल्लेखामुळे. त्यात 'अन्नभोग' या प्रकरणाला लागूनच 'पानीयभोग' आहे. पाणी पिणे हा स्वतंत्र भोग! पाणी कुठलं प्यावं, कोणत्या ऋतूत कोणतं, ते सुगंधी कसं करावं, याचा विचार करायला राजाला आख्खं प्रकरण लागलं. मला हे वाचताना थोडी असूया वाटली. आमच्याकडे पाण्याबद्दलचा पहिला प्रश्न 'आलं का?' हा असतो.

आता पुदिन्याकडे. पुदिना गार नसतो. थर्मामीटर लावून बघा, पुदिन्याचं पाणी आणि साधं पाणी यांत काही फरक दिसणार नाही. आपल्या जिभेच्या आणि कातडीच्या चेतातंतूंवर एक प्रथिन असतं, टीआरपीएम-८ नावाचं. साधारण पंचवीस अंशांच्या खाली तापमान गेलं की ते उघडतं आणि मेंदूला 'गार' असा निरोप जातो. मेंथॉल हा रेणू तेच दार तापमान न उतरताच ढकलतो. सेन्सर खराब नाही, पण त्याला खोटा इनपुट दिलेला आहे. हे २००२ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी शोधलं. त्यांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. त्यातही गंमत अशी की आपल्या कुंडीतल्या नेहमीच्या पुदिन्यात मेंथॉल नावालाच असतं; त्याचा वास येतो तो कार्व्होनचा. मेंथॉलचा खरा साठा पेपरमिंटमध्ये आणि उत्तर प्रदेशात शेतंच्या शेतं लावतात त्या जपानी मेंथ्यात. म्हणजे सरबतातला पुदिना गारव्याची नुसती जाहिरात करतो. काम दुसराच कोणीतरी करत असतो.

तो दुसरा म्हणजे माठ.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. तेराव्या शतकातले संत गोरा कुंभार. थापटणं घेऊन संतमंडळींच्या डोक्यावर टपटप मारत कोणाचं मडकं पक्कं आणि कोणाचं कच्चं हे त्यांनी तपासलं, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कुंभाराच्या बाजूने बघितलं तर माठ करणं ही मोठी कसरत आहे. फार कच्चा राहिला तर विरघळतो, भेगाळतो. फार भाजला गेला तर छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. माठ नीट 'पाझरला' पाहिजे. पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगाने उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं.

हिशोब सोपा आहे. माठात दहा लिटर पाणी आहे असं धरा. त्यातलं दोन टक्के, म्हणजे पेलाभर, उडून गेलं, आणि त्याला लागलेली सगळी उष्णता उरलेल्या पाण्यातूनच आली, तर ते पाणी अकरा-बारा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात थोडी उष्णता बाहेरच्या हवेतूनही येते, म्हणून इतकं होत नाही, पण अंदाज येतो. किती खाली जाता येईल याची मर्यादा हवेतल्या ओलाव्यावर ठरते. चाळीस अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर ही सीमा बावीस अंशांच्या आसपास येते. कोकणात मे महिन्यात चौतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता धरली तर ती एकोणतीसच्या वर राहते. म्हणून रत्नागिरीच्या माठाला आमच्या माठाची सर नाही. बालाघाटच्या पठारावरची जी कोरडी हवा ओठ फोडते, तीच माठ चालवते. खिडकीशी तिवईवर ठेवलेला माठ आणि त्याला गुंडाळलेलं ओलं गोणपाट ही आमची यंत्रणा. तिला वीज लागत नाही आणि लोडशेडिंगचा तिच्यावर काही परिणाम नाही.

बादशहांकडे दुसरी युक्ती होती. 'आईन-ए-अकबरी'त लिहिलं आहे की अकबराच्या आबदारखान्यात पाण्याची सुरई सोऱ्याच्या पाण्यात फिरवून गार करत. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. तोफेच्या दारूत जो आग लावतो, तोच इथे पाणी थिजवतो, याचं नवल अबुल फजललाही वाटलं होतं. मग १८३३ साली बोस्टनहून जहाजात भुसा भरून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्यात उतरला, आणि लवकरच मुंबईतही येऊ लागला. तो साहेबांसाठी आणि शेठलोकांसाठी. निजामाच्या राज्यातल्या खेड्यांत माठच होता.

इथपर्यंतचा इतिहास मजेचा आहे आणि रीलवर छान खपेल. पण माठाची एक बाजू रीलमध्ये येत नाही. माठ एकच असतो, आणि त्यात हात कोणी घालायचा हे ठरलेलं असतं.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींसमोर चहा ठेवला गेला आणि त्यावरून ग्रामण्य माजलं, प्रायश्चित्तांपर्यंत गोष्ट गेली. एक कप चहा! मोठी माणसं होती म्हणून ते प्रकरण पुस्तकांत आलं. पाणपोईवर ओंजळ धरून वाकलेल्यांचं कुठे येणार? माझ्या आज्जीच्या लहानपणी, म्हणजे निजामाच्या शेवटच्या वर्षांत, तिच्या गावच्या पाणपोईवर एक बांबूची पन्हळ होती. काही लोकांना पेल्यातून पाणी, काहींना पन्हळीतून, लांबून. 'पाणी तेच असायचं रं, गार बी तेवढंच,' असं ती सांगायची. मग थोडं थांबून, 'पर आमाला तवा काय वाटायचं न्हाई त्यात.' हे दुसरं वाक्य ती टाळू शकली असती. तिने टाळलं नाही, म्हणून मीही इथे गाळत नाही.

त्याच काळात, फेब्रुवारी १९४१ मध्ये, आमच्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. महाडचं चवदार तळं होऊन चौदा वर्षं झाली होती. परिषद वतनांची होती, पण वतन म्हणजे काय, तर गावाची कामं करायची, आणि पाणी मागायला मात्र गावाबाहेरच्या अंतरावर उभं राहायचं. दुसरीकडे याच मराठवाड्यात मोहरमला सबील लागायची, अजूनही लागते. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही सरबत. सबील म्हणजे वाट. ईश्वराच्या वाटेवर दिलेलं पाणी. दोन्ही गोष्टी एकाच गावात, कधी एकाच रस्त्यावर होत्या. 'आमच्या गावात पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने राहत' असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली पन्हळीबद्दल विचारतो, आणि 'पूर्वी सगळं वाईटच होतं' म्हणणाऱ्यांना सबीलबद्दल.

आता सरबत करायची पद्धत, कारण ती न देता एवढं लिहिलं तर वाचक मला पन्हळीतूनच पाणी देतील. चार पेल्यांसाठी पुदिन्याची मूठभर कोवळी पानं. देठ नकोत, कडसर होतात. दोन लिंबं, चमचाभर भाजून कुटलेलं जिरं, अर्धा चमचा पादेलोण, चिमूटभर साधं मीठ आणि चार चमचे साखर किंवा किसलेला गूळ. पानं, मीठ आणि थोडं लिंबू खलात एकत्र रगडायचं. मिक्सर वापरलात तर दोनदा गर्रर्र करून थांबा, जास्त फिरवलं की वास उडतो. लिंबू सुरुवातीलाच घालायचं, कारण चिरडलेलं पान हवेने काळं पडतं आणि आंबट ते थोपवतं. पण तेच आंबट हळूहळू हिरवा रंगही मारतं, तासाभरात सरबत शेवाळी दिसायला लागतं. म्हणून करायचं आणि लगेच प्यायचं. पाणी माठातलं. फ्रिजमधल्या बर्फगार पाण्यात जीभ बधिर होते आणि जिरं-पुदिन्याची निम्मी चव कळत नाही.

आज्जीचा पुदिना न्हाणीच्या मागे होता. आंघोळीचं पाणी मोरीतून जिथे बाहेर पडायचं तिथेच पुदिना आणि अळू. पुदिन्याला मुद्दाम पाणी कोणी घालत नसे. त्यामुळे घरात किती पाणी आहे हे त्याच्याकडे बघून कळायचं. दोन बादल्यांची आंघोळ असेल तर तो पायरीपर्यंत पसरायचा. एका बादलीवर आलो की कडेने पिवळा.

२०१६ साली तो गेला. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, परीक्षा संपवून घरी आलो तेव्हा आंघोळ परातीत बसून चालली होती आणि परातीतलं पाणी संडासाला. मोरीपर्यंत काही पोचतच नव्हतं. तोपर्यंत एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली होती, 'जलदूत'. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ती जायची आमच्या स्टेशनवरून. तहानलेल्या जिल्ह्यातून तहानलेल्या जिल्ह्याकडे पाणी चाललेलं, आणि आम्ही पुलावरून बघतोय. कोणी दगड मारला नाही, कोणी अडवलं नाही. लातूरची अवस्था आमच्याहून वाईट आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी पाहुण्याला सरबताऐवजी गूळ आणि अर्धा पेला पाणी दिलं जाई. उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी द्यायचं ही रीत जुनीच, पण अर्धा पेला नवीन होता. आणि याच जिल्ह्यात उसाचे फड उभे होते, ढोकीचा तेरणा कारखाना तर मराठवाड्यातल्या जुन्यांपैकी. एक किलो साखरेमागे उसाला आणि कारखान्याला मिळून जगभरच्या सरासरीने पावसासकट सतराशे-अठराशे लिटर पाणी लागतं. म्हणजे पेल्यातली दोन चमचे, दहा ग्रॅम साखर ही सतरा-अठरा लिटर पाणी पिऊन आलेली असते, आणि पेल्यात पाणी असतं पाव लिटर. उसाला शिव्या घालणं सोपं आहे. माझी इंजिनिअरिंगची फी मामाच्या उसाच्या बिलातून गेली होती, त्यामुळे मी तो आवाज जरा खालीच ठेवतो. बेभरवशाच्या बाजारात ठरलेला भाव देणारं दुसरं पीक त्याच्यासमोर कोणी ठेवलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गल्लीत उलट्या-जुलाबाची साथ आली, टँकरच्या पाण्यावर असं होतंच. तेव्हा आज्जीचा पेला पुन्हा कामाला आला, पुदिन्याशिवाय. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. वर लिंबू, ते चवीपुरतं. आतड्यात साखर आत जाताना मिठाला हात धरून नेते आणि त्यांच्यामागे पाणी जातं, एवढंच त्याचं तंत्र. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याचे पिंप भरून नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्के होतं, ते चारच्याही खाली आलं. गोड पाक औषध म्हणून द्यायचा, हा हकिमांचा धडा बनगावात नव्याने सिद्ध झाला, आणि तो पाक ज्या दुखण्यावर चालला त्याचं मराठी नाव जुलाब!

त्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. ऑक्टोबरात शेजारच्या काकूंनी त्यांच्या कुंडीतल्या पुदिन्याची एक लांब काडी आणून दिली, खालून मुळं फुटलेली. आज्जीने ती न्हाणीमागे आडवी पुरली. पुदिना बियांवर फारसा अवलंबून नसतो. तो जमिनीलगत धावतो आणि जिथे पेरं ओल्या मातीला टेकेल तिथे मूळ धरतो. आज्जी आता नाही. न्हाणीच्या जागी फरशी घातलेलं बाथरूम झालंय आणि पाणी पाइपने थेट गटाराला जातं. पुदिना कुंडीत आहे, आई त्याला भांडी विसळलेलं पाणी घालते.